नटी विनोदिनी आणि न लागलेलें नांव

थोर नटांचीं चरित्रें बहुधा एकाच चालीवर लिहिलेलीं असतात. आरंभीं दारिद्र्य असतें, बापाचा राग असतो, घर सोडून पळून जाणें असतें, उपाशीपोटीं काढलेल्या रात्री असतात; आणि मग एके दिवशीं कीर्ति येते. ती आली कीं मागच्या साऱ्या हालांना एक प्रकारची शोभा चढते. नट स्वतःहि त्या उपासमारीच्या गोष्टी हंसत हंसत सांगूं लागतो, कारण त्याचा हिशेब जुळलेला असतो. दिलें त्याहून अधिक त्याच्या पदरांत पडलेलें असतें. पण कांहीं आयुष्यें अशीं असतात, कीं तेथें हा हिशेब जुळत नाहीं. कला वाढते, नाट्यगृह उभें राहतें, प्रेक्षक टाळ्या वाजवितात, आणि ज्या व्यक्तीच्या त्यागावर हें सारें उभारलें तिचें नांव मात्र दारावर लागत नाहीं. बंगालच्या रंगभूमीवरील विनोदिनी दासी हिचें आयुष्य या प्रकारचें आहे. बंगाली उच्चारांत हें नांव ‘बिनोदिनी’ असें होतें, एवढें येथें लक्षांत ठेवावें. कारण त्या नांवाच्या पहिल्या अक्षराशीं पुढील कथेचा फार निकटचा संबंध आहे.

विनोदिनीचा जन्म १८६३ च्या सुमाराचा व मृत्यु १९४१ मधला. या दीर्घ आयुष्यांतलीं रंगभूमीवरचीं वर्षें फक्त १२. सन १८७४ मध्यें ती प्रथम लोकांसमोर आली आणि १८८६ संपतां संपतां तिनें रंगभूमीचा कायमचा निरोप घेतला. तेव्हां ती अवघी २३-२४ वर्षांची होती. ज्या वयांत इतरांच्या कीर्तीला आरंभ होतो त्या वयांत हिची कथा संपली.

ही कथा नीट समजावयाची तर त्या काळच्या रंगभूमीची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे १८८२ सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलें, तेव्हां सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर. स्त्रीभूमिका पुरुषांनीं कराव्या ही परंपरा आपल्या प्रतिष्ठित मंडळ्यांत बालगंधर्वांच्या काळापर्यंत मोठ्या वैभवानें चालली. सन १९३३ मध्यें ‘नाट्यमन्वंतर’नें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक केलें आणि ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या, तेव्हां तो एक मोठा पालट मानला गेला. बंगालनें हा प्रश्न त्याच्या ६० वर्षें आधीं हातीं घेतला होता. कलकत्त्याच्या जोडासांको भागांत ७ डिसेंबर १८७२ रोजीं ‘नॅशनल थिएटर’नें तिकिटें लावून ‘नीलदर्पण’ नाटकाचा प्रयोग केला, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत अडकलेलें बंगाली नाटक सर्वांसाठीं खुलें झालें. पुढच्याच वर्षीं, १६ ऑगस्ट १८७३ रोजीं, ‘बेंगॉल थिएटर’नें मायकेल मधुसूदन दत्त यांच्या ‘शर्मिष्ठा’ नाटकानें आपलें दार उघडलें. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच कराव्या असा मधुसूदनांचा आग्रह होता. त्याप्रमाणें या मंडळीनें चार स्त्रिया नटी म्हणून घेतल्या.

परंतु या स्त्रिया आणावयाच्या कोठून? गृहस्थाच्या घरची लेक किंवा सून रंगभूमीवर येणें त्या काळीं कल्पनेच्याहि पलीकडचें होतें. तेव्हां ज्या वस्तीचें नांव सभ्य माणसें उघडपणें घेत नसत, तेथूनच नटी येणें क्रमप्राप्त होतें. या एका गोष्टीवरून सुशिक्षित समाजांत मोठी खळबळ उडाली. विधवांच्या कैवारासाठीं ज्यांनीं जन्म झिजविला त्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनींहि याच कारणावरून बेंगॉल थिएटरशीं असलेला आपला संबंध तोडला असें सांगतात. सायंकाळीं ज्या नटीच्या सीतेसाठीं अश्रु ढाळावयाचे, तिच्या सावलीलाहि सकाळीं उभें राहावयाचें नाहीं, असा हा विलक्षण व्यवहार होता. त्या व्यवहारांत विनोदिनी वाढली.

कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील एका घरांत आजी, आई आणि धाकटा भाऊ यांच्यासह ती राहत असे. घरांतल्या कांहीं खोल्या भाड्यानें दिल्या होत्या. त्या भाड्यावर संसार चाले, आणि चालत नसे तेव्हां घरांतलें किडूकमिडूक विकलें जाई. तिनें स्वतः लिहून ठेविलें आहे कीं, पांच वर्षांच्या भावाचें लग्न एका तान्ह्या म्हणावी अशा मुलीशीं लावलें, तें तिच्या अंगावरच्या दागिन्यांनीं घराला कांहीं दिवस आधार मिळावा म्हणून! तो भाऊहि पुढें लहानपणींच वारला. विनोदिनीचेंहि बालपणीं लग्न झालें होतें; पण नवऱ्याला त्याच्या नातेवाइकांनीं परत नेलें आणि तो संबंध तेथेंच संपला. अशा घरांत गंगाबाई नांवाची एक गायिका भाडेकरू म्हणून राहावयास आली. तिनें या मुलीला गाणें शिकविलें. गंगाबाईचें गाणें ऐकावयास येणाऱ्या दोघां गृहस्थांनीं मुलीचा आवाज ऐकला, घरची स्थिति पाहिली आणि तिला ‘ग्रेट नॅशनल थिएटर’मध्यें घालण्याचें सुचविलें. पगार ठरला महिना १० रुपये. तिचें वय त्या वेळीं अकरा-बारा वर्षांचें होतें.

येथपर्यंतच्या कथेला त्याग हा शब्द लावतां येणार नाहीं. घरांत चूल पेटावी म्हणून एक लहान मुलगी कामाला लागली, एवढाच याचा अर्थ. डिसेंबर १८७४ मध्यें ‘शत्रुसंहार’ नाटकांत द्रौपदीच्या सखीची बारीकशी भूमिका तिला मिळाली. समोर दिव्यांच्या उजेडांत बसलेला जनसमुदाय पाहून तिची छाती धडधडूं लागली, हातपाय कांपूं लागले. पण शिकविलेलें सारें तिनें म्हटलें आणि आंत परत येतांना टाळ्यांचा कडकडाट ऐकला. लवकरच ‘हेमलता’ नाटकाची नायिका म्हणून तिला उभें करण्यांत आलें. कंपनीची वस्त्रें तिच्या मापाचीं नव्हतीं, इतकी ती लहान होती.

सन १८७५ मध्यें मंडळी उत्तरेकडे दौऱ्यावर निघाली. लखनौस ‘नीलदर्पण’चा प्रयोग लागला. निळीच्या मळेवाल्या साहेबांनीं रयतेवर केलेले जुलूम हा या नाटकाचा विषय. आणि प्रेक्षकांत बरेचसे गोरे बसलेले! मळेवाला एका शेतकरी स्त्रीवर हात टाकतो व तोराप नांवाचा शेतकरी त्याला चोप देतो, हा प्रवेश सुरू होतांच प्रेक्षकांतले साहेब खवळून उठले; कांहीं शिपाई तलवारी उपसून रंगभूमीवर चढले. नाटक तेथेंच बंद पडलें, नटनटी भीतीनें रडूं लागल्या, आणि मंडळीला आपला गाशा गुंडाळून गांव सोडावें लागलें. विनोदिनी त्या नाटकांत सरलता झाली होती. नाटक म्हणजे नुसती करमणूक नव्हे, त्यापायीं जिवावरहि बेतूं शकतें, हा धडा तिला असा बाराव्या वर्षीं मिळाला. पुढच्या वर्षीं, १८७६ मध्यें, सरकारनें नाट्यप्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा केला.

दौऱ्यानंतर ती बेंगॉल थिएटरमध्यें गेली; पगार २५ रुपये झाला. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्यांवरील नाटकांत तिनें येथें नांव मिळविलें. ‘दुर्गेशनंदिनी’त प्रसंग पडल्यास एकाच रात्रीं आयेषा आणि तिलोत्तमा अशा दोन्ही भूमिका ती करी. गिरीशचंद्र घोष यांचें लक्ष तिच्याकडे गेलें तें या काळांत. नट, नाटककार आणि शिक्षक या तिन्ही नात्यांनीं बंगाली रंगभूमीला ज्यांनीं आकार दिला ते हे गिरीशचंद्र. सन १८७७ मध्यें त्यांनीं तिला आपल्याबरोबर नॅशनल थिएटरमध्यें नेलें. ते तिला भूमिका पाठ करण्यास सांगून थांबत नसत. भूमिकेंतील व्यक्ति कोण, तिच्या मनांत काय चाललें आहे, हें समजावून देत. सिडन्स, एलेन टेरी या इंग्रज नटींच्या कथा ते तिला सांगत. ज्या मुलीला शाळेचें शिक्षण जेमतेम मिळालें होतें तिला अशा रीतीनें रंगभूमीचेंच विद्यापीठ लाभलें. ‘मेघनादवध’ नाटकांत तिनें एकटीनें सात भूमिका केल्या. दहा रुपयांच्या नोकरीचें आतां व्रत झालें होतें.

या व्रताची कसोटी १८८३ च्या सुमारास लागली. नॅशनल थिएटरची मालकी तेव्हां प्रतापचंद जोहुरी या व्यापाऱ्याकडे होती. विनोदिनी रजा घेऊन काशीस गेली, तेथें आजारी पडली आणि परत यावयास तिला उशीर झाला. रजेच्या दिवसांचा पगार देण्यास मालकानें नकार दिला. इतरांचींहि गाऱ्हाणीं सांचलीं होतीं. आपलें स्वतःचें नाट्यगृह असल्याखेरीज कलावंताला मान नाहीं, हा विचार सर्वांच्या मनांत पक्का झाला. प्रश्न होता तो पैशाचा. गिरीशचंद्र व त्यांचे सहकारी गुणवान होते. पण नाट्यगृह बांधण्याइतका पैसा त्यांच्यांपैकीं एकाजवळहि नव्हता.

तो पैसा गुर्मुख राय नांवाच्या एका तरुण मारवाडी धनिकाकडे होता. नाट्यगृह बांधून देण्यास तो तयार झाला. त्याची अट एकच होती, कीं विनोदिनीनें त्याच्या आश्रयास येऊन राहावें. ती त्या वेळीं दुसऱ्या एका श्रीमंत तरुणाच्या आश्रयाला होती. त्यालाहि हा बेत कळला. तो तलवार घेऊन तिच्या खोलींत शिरला. नेम चुकला म्हणून घाव जवळच्या हार्मोनियमवर बसला आणि ती वांचली. बरोबरीचे नट तिला विनवीत होते, कीं तूं मनांत आणलेंस तर आम्हां सर्वांना घर मिळेल. ज्यांना तिनें गुरु आणि भाऊ मानलें होतें त्यांचे हे शब्द होते. आणि याच वेळीं गुर्मुख रायनें तिच्यापुढें आणखी एक मार्ग ठेवला. तिनें लिहिलें आहे कीं, थिएटरचा नाद सोडशील तर ५०,००० रुपये तुला एकरकमी देतों, असें तो म्हणाला.

महिना १० रुपयांपासून जिनें आरंभ केला होता तिच्या दृष्टीनें ५०,००० रुपये म्हणजे काय, याची कल्पना करावी. त्या पैशांत आईचें म्हातारपण सुखानें गेलें असतें. पुन्हां कोणाच्या आश्रयाची गरज तिला पडली नसती. तिनें तो पैसा नाकारला आणि उत्तर दिलें, कीं मला नाट्यगृह पाहिजे. तिच्याजवळ घराणें नव्हतें, प्रतिष्ठा नव्हती, धन नव्हतें. द्यावयास जी एक गोष्ट होती ती म्हणजे ती स्वतः. आणि तिचेंच मोल तिनें मोजलें. आपणां सभ्य माणसांना हा व्यवहार अमंगळ वाटेल. पण त्या व्यवहारांत अमंगळ काय होतें याचा शोध घेऊं लागल्यास, बोट त्या वीस वर्षांच्या मुलीकडे वळत नाहीं. तिच्यापुढें दुसरी वाट ज्या समाजानें ठेवली नव्हती, त्याच समाजासाठीं नाट्यगृह बांधलें जात होतें.

बीडन स्ट्रीटवर ६८ क्रमांकाची जागा घेण्यांत आली आणि काम सुरू झालें. दिवसा तालमी चालत. तालीम संपली कीं इतर मंडळी घरोघर जात आणि विनोदिनी कांहीं जणांसह बांधकामावर थांबे. प्रेक्षागृहांतील मागच्या बैठकींसाठीं भराव घालावयाचा होता; तेथें तिनें स्वतः मातीच्या पाट्या वाहिल्या. मजूर थकले कीं ती त्यांना वरकड पैसे देऊन काम पुढें रेटी. तिच्या या उत्साहाला एक कारण होतें. सहकाऱ्यांनीं तिला सांगितलें होतें, कीं हें नाट्यगृह तुझ्याच नांवाचें होईल. ‘बिनोदिनी’ या नांवाचें पहिलें अक्षर घेऊन त्याचें नांव ‘बी थिएटर’ ठेवूं, म्हणजे तूं मेलीस तरी तुझें नांव राहील.

नोंदणीचा दिवस उजाडला. मंडळी कचेरींतून परत आली तेव्हां विनोदिनीनें उत्सुकतेनें विचारलें, नांव काय दिलें? उत्तर आलें: ‘स्टार’. ती जागच्या जागीं खालीं बसली. बराच वेळ तिला बोलवेना. जिच्यावर समाजाचा शिक्का आहे तिचें नांव दारावर दिसलें तर सभ्य प्रेक्षक येणार नाहींत, असा यामागचा विचार होता. तिचें शरीर या घराच्या पायांत चाललें, तिची कमाई चालली, तिनें वाहिलेली माती चालली; नांव तेवढें चाललें नाहीं. पुढें तिला पगारी नटी म्हणूनहि तेथें राहूं देऊं नये अशी खटपट कांहीं जणांनीं केली, असें ती लिहिते.

याला त्याग म्हणावयाचें काय? माझ्या मतें येथें दोन गोष्टींची गल्लत होऊं देतां कामा नये. विनोदिनीनें ५०,००० रुपये नाकारले, स्वतःला पणाला लावलें, हा त्याग खरा. कारण तो तिनें समजून उमजून केला. नांव गेलें तें मात्र तिनें दिलें नव्हतें. तें तिच्यापासून काढून घेण्यांत आलें. कलावंतांच्या त्यागाचें कौतुक करतांना आपण या दोन्ही गोष्टी एकाच माळेंत ओंवतों, आणि जें हिरावून घेतलें त्यालाहि त्यागाचें सुंदर नांव देऊन मोकळे होतों. त्यांत घेणाऱ्याची फार सोय होते. स्वतः विनोदिनीनें ही गल्लत केली नाहीं. जें दिलें त्याचा तिनें कधीं पश्चात्ताप केला नाहीं, आणि जें गेलें त्याचें दुःख तिनें लपविलें नाहीं.

स्टार थिएटरचा पहिला प्रयोग २१ जुलै १८८३ रोजीं झाला. नाटक होतें ‘दक्षयज्ञ’, आणि सती झाली होती विनोदिनी. पित्याच्या घरीं झालेल्या अपमानानें जिनें देह टाकला तिची भूमिका त्या घरांत विनोदिनीनेंच करावी, यापेक्षां दारुण योगायोग कोणता? वर्ष संपण्याच्या सुमारास गुर्मुख राय या उद्योगांतून बाहेर पडला. जातांना नाट्यगृहांत तिचा हिस्सा ठेवावा अशी त्याची इच्छा होती. पण मालकीच्या फंदांत आपण पडूं नये, अशी समजूत गिरीशचंद्रांनीं तिच्या आईची घातली. अखेर ११,००० रुपयांना तें घर चौघां सहकाऱ्यांच्या हातीं गेलें. विनोदिनी पूर्वींसारखीच पगारी नटी राहिली.

तिची खरी कीर्ति यानंतरची. गिरीशचंद्रांचें ‘चैतन्यलीला’ हें नाटक २ ऑगस्ट १८८४ रोजीं रंगभूमीवर आलें आणि विनोदिनी चैतन्य महाप्रभु झाली. या भूमिकेनें सारें कलकत्ता हालवून सोडलें. नाटकाचें नांव ऐकून कान झांकणारे वैष्णव त्या थिएटरांत येऊन कीर्तनाला डोलूं लागले. २१ सप्टेंबर १८८४ रोजीं श्रीरामकृष्ण परमहंस हें नाटक पाहावयास आले, आणि प्रयोगानंतर पायां पडणाऱ्या विनोदिनीच्या मस्तकावर हात ठेवून त्यांनीं तिला आशीर्वाद दिला. तिच्यासाठीं तो आयुष्यांतला परमोच्च क्षण होता. दारावरच्या पाटीला जें नांव चाललें नाहीं, त्या नांवाच्या स्त्रीला एका संन्यस्त पुरुषानें आपल्या पायांपाशीं जागा दिली. पुढच्या वर्षीं ‘बुद्धदेवचरित’ नाटकांत ती गोपा झाली. आणि १८८६ चें वर्ष संपत असतां, कीर्ति ऐन भरांत असतांना, तिनें रंगभूमि सोडली. सहकाऱ्यांचे कपट-व्यवहार मनाला फार लागले, एवढेंच कारण ती देते.

सन १८८७ मध्यें बीडन स्ट्रीटवरील वास्तु दुसऱ्या एका धनिकानें विकत घेतली. मंडळीनें वास्तु दिली, पण ‘स्टार’ हें नांव आपल्यापाशींच ठेविलें, आणि १८८८ सालीं हातीबागान भागांत नवें स्टार थिएटर उभारलें. नांवाची किंमत त्यांना ठाऊक होती, हें यावरून दिसतेंच.

विनोदिनीला पुढें एक मुलगी झाली. शकुंतला तिचें नांव. तिला शाळेंत घालण्याचा आईनें पुष्कळ प्रयत्न केला. पण अशा आईच्या मुलीला दार उघडलें गेलें नाहीं, आणि ती मुलगीहि वयाच्या बारा-तेरा वर्षांतच वारली. आधार तुटत गेले तशी विनोदिनी लेखणीकडे वळली. तिच्या कविता प्रसिद्ध झाल्या. आणि १९१२ सालीं ‘आमार कथा’ हें तिचें आत्मचरित्र बाहेर पडलें. त्याला गुरूची प्रस्तावना असावी म्हणून तिनें गिरीशचंद्रांना विनविलें होतें. त्यांनीं ती लिहूनहि दिली. परंतु सगळें सत्य तींत आलेलें नाहीं म्हणून तिला ती पसंत पडली नाहीं, आणि पुन्हां लिहून घेण्यापूर्वींच, फेब्रुवारी १९१२ मध्यें, गिरीशचंद्र वारले. ज्या गुरूची तिनें देवासारखी पूजा केली त्याच्याजवळहि तिनें सत्याच्या बाबतींत तडजोड केली नाहीं, हें विशेष होय. १८८३ सालीं नोंदणीच्या कचेरींत काय झालें, मातीच्या पाट्या कोणीं वाहिल्या, हें आज आपणांस माहीत आहे तें या पुस्तकामुळें. नाट्यगृहाच्या दारावर जागा मिळाली नाहीं, तेव्हां तिनें आपलें नांव कागदावर लिहिलें.

डिसेंबर २०२४ मध्यें पश्चिम बंगालच्या शासनानें हातीबागानच्या स्टार थिएटरला ‘बिनोदिनी थिएटर’ असें नांव देण्याचा निर्णय जाहीर केला. ‘बी थिएटर’चें वचन मोडल्याला तेव्हां १४१ वर्षें झालीं होतीं. जिच्यासाठीं तिनें माती वाहिली ती बीडन स्ट्रीटवरील वास्तु मात्र आतां नाहीं. ती पुढें रस्तारुंदीच्या कामांत गेली. म्हणजे घर गेलें तेव्हां नांव नव्हतें, आणि नांव आलें तें दुसऱ्या घरावर. तरीहि या पाटीचें मोल कमी लेखूं नये. कोणत्याहि शहरांतील जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्या चढतांना, दारावरचें नांव वाचून झाल्यावर, ज्यांचें नांव तेथें नाहीं अशा कोणाकोणाची माती या जोत्यांत पडली असेल हा प्रश्न विनोदिनीची कथा ऐकलेल्या माणसाच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं.